रागाच्या आधी काय वाटलं

काकू, पल्लवी, मोहगावहून आलेले भाऊंचे नातेवाईक, आणि आपल्या गिरणीतली सगळी मंडळी,

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हटलं होतं. मशीन का बंद पडलं हे मी सांगू शकते. माणूस गेल्यावर काय सांगायचं असतं, ते मला येत नाही. पण काकू परवा घरी म्हणाल्या, "तूच बोल. बाकीचे रडतीन, अन् ऐकू काहीच येणार नाई." म्हणून उभी आहे.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी स्वाती भादे. या सूतगिरणीत मेंटेनन्समध्ये विजेचं काम बघते. भाऊ, म्हणजे दिवाकर कळंबे, इथले कार्मिक अधिकारी होते. हजेरी, रजा, भरती ही त्यांची कामं. आणि भांडणं. भांडणं त्यांच्या नेमणुकीत लिहिलेली नव्हती. ती त्यांनी आपणहून घेतली होती.

रविवारी सकाळी ते बगिच्यात संत्र्याला पाणी सोडायला गेले, बांधावर बसले, आणि उठले नाहीत. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. सोमवारी त्यांच्या खोलीचं दार बंद होतं.

हे मी बऱ्याच वेळा मनात म्हणून बघितलं आहे. प्रत्येक शब्द बरोबर आहे. तरी मला त्यातून काही पोचत नाही.

मी हे लपवत नाही. सोमवारी मी कामावर आले. पॅनलचं रोजचं रीडिंग घेतलं. दोन मोटारी गरम होत होत्या, त्यांचं ग्रीसिंग करून घेतलं. दुपारी डबा खाल्ला. कोणीतरी विचारलं, "मॅडम, तुमाले काही वाटत नाई का?" मी म्हटलं, "नाही." तेव्हा ते खरं होतं. आता इथे उभी राहून सांगते, तेव्हाही जवळपास खरंच आहे. हात कोरडे आहेत. आवाज नेहमीसारखा आहे. तुम्ही ऐकताच आहात.

मंडळी, एकदा स्वतःच्या बसण्याकडे बघा. या कँटीनच्या हॉलमध्ये मधून वाट सोडली आहे. वाटेच्या डाव्या बाजूला सगळं मेंटेनन्स बसलं आहे. उजव्या बाजूला सगळं प्रॉडक्शन. कोणी तसं बसा म्हणून सांगितलं नव्हतं. भाऊ असते तर त्यांनी दारातच उभं राहून एकेकाला उलट्या बाजूला पाठवलं असतं. "तिकडे काय जागा नाई का बाप्पा? का तिकडच्या बाकाले काटे आहे?"

आपण असे का बसलो आहोत, ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. पाहुण्यांना माहीत नाही. त्यांनाही सांगावं लागेल, कारण भाऊंनी हातात घेतलेलं शेवटचं काम तेच होतं. ते पुरं झालेलं नाही. आणि त्यातली एक बाजू मी आहे.

पण आधी भाऊंची खोली.

ती खोली सगळ्यांनी बाहेरून बघितली आहे. आतून बघितल्याचं फार थोड्यांनी कबूल केलं आहे. टेबल भिंतीला लावलेलं, म्हणजे मध्ये काही येऊ नये. तीन खुर्च्या. पंखा. भाऊंचे नियम चारच होते आणि ते कुठेही लिहिलेले नव्हते. पहिला, उभ्यानं बोलायचं नाही. "उभ्यानं भांडण होते, बसून बोलणं होते," असं ते म्हणत. दुसरा, चहा येईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. तिसरा, ज्याला जास्त राग आला आहे तो नंतर बोलणार. चौथा, आपल्या बोलीत बोलायचं, आणि वाक्य 'मले' पासून सुरू करायचं. 'तू' पासून नाही.

चहाचं सांगते. कँटीनचे रामदासभाऊ मागे उभे आहेत, त्यांनीच मला सांगितलं. भाऊंकडून दोन प्रकारचे निरोप यायचे. "साधा चहा पाठव," आणि "भांडणाचा चहा पाठव." चव एकच. पण भांडणाचा चहा मुद्दाम उशिरा न्यायचा. आधी पातेलं घासायचं, मग दूध शोधायचं, मग दोनदा उकळू द्यायचा. एकदा नव्या पोराने तो लगेच नेऊन दिला. भाऊंनी तो परत पाठवला. "कच्चा आहे," म्हणाले. आत दोन माणसं बसली होती. ती कच्ची होती, चहा नाही.

मी हे आधी वेळ घालवणं समजत होते. मी त्यांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "पोरी, तुही मोटर बंद केल्याबरोबर तू तिले हात लावते का? फिरणं थांबू देते ना? मंग?" मी म्हटलं, मोटर किती वेळात थांबते ते मला सांगता येतं. माणसाचं सांगता येत नाही. ते म्हणाले, "म्हणूनच चहाच्या हवाली करतो."

त्यांनी मनोविज्ञानात एम.ए. केलं होतं, छिंदवाड्याला, हिंदीतून. ते पुस्तकातलं कमी सांगत. पण एक गोष्ट त्यांनी मला पुन्हापुन्हा सांगितली. आपल्या इकडे माणूस भांडतो मराठीत आणि शिकायत लिहितो हिंदीत. कारण आपलं राज्य हिंदीचं, कागद वर जातो तो हिंदीतच जातो. आणि मराठीतून हिंदीत जाताना भांडणाचा आकार बदलतो. कँटीनमध्ये झालं ते 'तो मह्यावर खेकसला' एवढंच असतं. कागदावर त्याचा 'अभद्र व्यवहार' होतो. 'माहा डबा सरकवला' याची 'मानसिक प्रताड़ना', म्हणजे मानसिक छळ, होते. मग समोरचा तो कागद वाचतो आणि त्याला वाटतं, मी एवढं केलं? मी तर एवढं केलं नाही. मग तोही लिहितो. "हिंदीचा दोष नाई," भाऊ म्हणत, "माही पदवी तिच्यातच आहे. पण शिकायतीची हिंदी कोणाच्या घरची नाई. तिच्यात कोणी आपल्या मायसंग बोललं नाई."

म्हणून नियम. कागद द्यायचा असेल तर द्या. त्याआधी तेच समोरच्याला, समोर बसून, आपल्या बोलीत सांगून दाखवा. सांगूनही द्यावासा वाटला, तर भाऊ स्वतः शिक्का मारून वर पाठवायचे. त्यांनी असे काही कागद पाठवलेही आहेत. त्यांनी कधी कोणाला गप्प केलं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण आता काही जण म्हणत आहेत की भाऊ सगळं दाबून टाकायचे. नाही. ते सगळं बोलायला लावायचे. ते जास्त कठीण होतं.

शोभाताई आणि पुष्पाताई रीलिंगमध्ये, सुताच्या लडी करतात तिथे, आहेत. त्यांची परवानगी घेतली आहे. मी त्या दिवशी त्या खोलीत होते, कारण पंखा बंद पडला होता आणि मी स्टुलावर उभी राहून तो उघडला होता. मी उतरायला लागले. भाऊ म्हणाले, "तू राहा. तू तिथं वीज आहे, माणूस नाई."

शोभाताईंनी अर्ज दिला होता. 'मानसिक रूप से प्रताड़ित किया जा रहा है.' चहा आला. भाऊंनी विचारलं, "प्रताडना म्हणजे काय केलं तिनं?"

"माहा डबा खिडकीतून उचलला अन् खाली ठेवला."

"खाली म्हणजे?"

"खाली म्हणजे जिथं चपला असते तिथं."

"मंग तुले काय वाटलं?"

"राग आला. दुसरं काय येईन?"

"रागाच्या आधी."

"रागाच्या आधी काही नसते, भाऊ. राग सीधा येते."

"नाई येत. राग दुसरा येते. त्याच्या आधी कोणीतरी येऊन गेलं असते, तू दार उघडेपर्यंत. आठव."

माझ्या हातात पंख्याचं कॅपॅसिटर होतं आणि मी ते तसंच धरून उभी होते. मग शोभाताई म्हणाल्या, अगदी हळू, "मले कमी केल्यासारखं वाटलं. मी कोणी नाई, असं."

पुष्पाताई खुर्चीतून उठल्याच. भाऊंनी बोटाने बसवलं. तेव्हा त्या बसून म्हणाल्या, "अवं बाई, खिडकीत मुंग्यायची रांग लागली होती. मी तुहा डबा वाचवून राहिली होती."

"मंग सांगितलं काहून नाई?"

"तू बोलत होती का मह्यासंग? दिवाळीपासून तू तोंड फिरवून राहिली."

"तूच फिरवून राहिली."

भाऊ म्हणाले, "दोघीही फिरवून राहिल्या म्हणून मुंग्यायचं फावलं." आणि वर बघून मला म्हणाले, "वीजबाई, पंखा झाला का?"

आज त्या दोघी एका बाकावर बसल्या आहेत. प्रॉडक्शनच्या बाजूला, पण एका बाकावर.

भाऊ संत नव्हते. कोणी तसं म्हणणार असेल तर काकू इथेच आहेत. काकूंनी मला सांगितलं, "दुनियेचे भांडणं मिटवत होते, अन् भाजीत मीठ कमी पडलं तं मह्यासंग दोन-दोन दिवस अबोला. मी म्हणे, घरी लावा ना तीन खुर्च्या. तं म्हणे, घरी तिसरा कोण बसीन?" स्वतःचा राग त्यांना चांगलाच ओळखीचा होता. गेटवर गाडी आडवी लावणाऱ्यांना त्यांनी काय काय म्हटलं आहे, ते तुम्ही ऐकलं आहे. मग ते थांबायचे, खाली बघायचे आणि त्याच माणसाला म्हणायचे, "मले उशीर झाला याचा भेव होता. तुह्यावर काढला." हे मी स्वतः ऐकलं आहे. पुरुष माणूस गेटवर उभा राहून हे म्हणतो आहे, याचं मला तेव्हा अवघडल्यासारखं झालं होतं.

आता माझं.

मी इथे आले तेव्हा मशीन दुरुस्तीला घेतलं की स्विचला कुलूप लावायची पद्धत नव्हती. ती मी आणली. ज्याचं काम चालू आहे त्याचं कुलूप, त्याच्या नावाची पाटी, किल्ली त्याच्याच खिशात. कानात बोळे घालायची सक्तीही मीच आणली, कारण सूत कातणाऱ्या रिंग फ्रेमच्या आवाजाने इथल्या जुन्या माणसांचे कान गेले आहेत.

त्याआधी इथे दुसरी पद्धत होती. तीन हाका. मशीन चालू करणाऱ्याने तीनदा ओरडायचं, "चालू करतो." खाली कोणी असेल तर तो "थांब" म्हणणार. तिसऱ्या हाकेला उत्तर आलं नाही तर मशीन मोकळं. या पद्धतीवर इथे माणसं म्हातारी झाली, आणि त्यांचे हात शाबूत आहेत. हे मी मान्य करते. मी ती पद्धत वाईट आहे असं कधी म्हटलं नाही. पुरेशी नाही, एवढं म्हटलं.

कुलपाचं प्रशिक्षण मी इथेच घेतलं, याच हॉलमध्ये. भाऊ शेवटच्या बाकावर बसले होते. मी सांगितलं होतं, टेस्टरने शून्य दाखवलं म्हणून हात घालू नका. टेस्टरच बिघडलेला असू शकतो. आधी तो चालू लाईनवर लावून बघा. तिथे दाखवतो का? मग बंद लाईनवर लावा. मग पुन्हा चालू लाईनवर. तेव्हाच त्या शून्याला शून्य म्हणा. भाऊ नंतर म्हणाले, "हे लय भारी सांगितलं तू. मी हे चोरून राहिलो." कशासाठी, ते सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात मी एका रिंग फ्रेमच्या पॅनलमध्ये काम करत होते. स्विचला माझं कुलूप होतं. पाटी होती. कानात बोळे होते. शिफ्टचे साहेब आले. त्यांचं नाव मी घेणार नाही, ते समोर बसले आहेत. माल मागे पडला होता. त्यांनी कुलूप बघितलं. पॅनल मागच्या बाजूला आहे, तिथून मी दिसत नाही. त्यांना वाटलं, मी जेवायला गेले आणि कुलूप राहून गेलं. त्यांनी तीन हाका मारल्या. उत्तर आलं नाही. त्यांनी कुलूप तोडायला लावलं आणि लाईन चालू केली.

माझा हात त्या वेळी बाहेर होता. स्क्रू खाली पडला होता, तो उचलायला मी वाकले होते. मला काही झालं नाही.

त्या दिवसाचा घटना-अहवाल त्याच दिवशी गेला. तो जायलाच पाहिजे होता आणि त्याबद्दल माझं आजही काही दुमत नाही. कुलूप तोडणं चूक आहे. हे मी कुठल्याही खोलीत म्हणेन, कुठल्याही भाषेत म्हणेन.

पण त्याशिवाय मी एक वेगळा कागद लिहिला. त्यांच्या नावाने. त्या कागदावर त्यांची नोकरी जाऊ शकते. तो घेऊन मी शनिवारी भाऊंच्या खोलीत गेले. भाऊंनी चहा मागवला, भांडणाचा, मी एकटीच असूनही. तो येईपर्यंत त्यांनी कागद दोनदा वाचला. मग एका शब्दावर बोट ठेवलं. 'जानबूझकर.'

"हे मोजलं का तू?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"बाकी सगळं तू मोजून लिहिलं. स्विच कोणता, कुलूप कोणतं, कोण कुठं उभं होतं. सगळं पक्कं. मंग हा शब्द कुठून आला? त्यानं जाणूनबुजून केलं, हे तुले मालूम आहे, का वाटलं?"

मी तो शब्द पुन्हा वाचला.

"त्याले विचारलं का?"

"नाही."

"बरं. तुले काय वाटलं त्या वक्ती?"

"काही नाही."

"काहीच नाई?"

"नाही, भाऊ. शून्य."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, "टेस्टर तपासला का?"

तेव्हा मला कळलं त्यांनी काय चोरलं होतं.

मी कागद परत घेतला आणि उठले. ते म्हणाले, "सोमवारी ये. त्यालेही बोलावतो. तो पहिले बोलीन, तू नंतर. मंग जो कागद देशीन त्यावर मी डोळे मिटून शिक्का मारीन. जानबूझकर असंन तं जानबूझकर." मी बरं म्हटलं. दारात त्यांनी मला थांबवलं. "अन् पोरी, 'मले' पासून सुरू कर. तुले ते येत नाई. घरी म्हणून बघ." मी म्हटलं, बघते.

मी बघितलं नाही. मग रविवार झाला.

मंडळी, त्या दिवसापासून काय चाललं आहे ते तुम्हाला माहीत आहे. मेंटेनन्सवाले म्हणतात, मॅडमचा कागद गेला पाहिजे, नाही तर उद्या कुलूप म्हणजे खेळणं होईल. त्यांचं खरं आहे. प्रॉडक्शनवाले म्हणतात, साहेबांनी तीन हाका मारल्या, इतकी वर्षं हेच चालत आलं, आणि आता कालची पोरगी त्यांच्या पोटावर पाय देते. त्यांचंही काही खोटं नाही. दोन्हीकडून माझ्याशी कोणी सरळ बोलत नाही. मेंटेनन्सवाले माझ्यावर खूष आहेत, ते त्याहून कठीण आहे. वरून निरोप आला आहे की मला कागद द्यायचा असेल तर उद्या सकाळी द्यावा. भाऊंच्या जागी अजून कोणी नाही. शिक्का टेबलावर तसाच आहे.

तो कागद माझ्याजवळ आहे. मी तो वर देऊ शकते. फाडू शकते. दोन्ही सोपं आहे. दोन्हीत त्या खुर्चीवर बसावं लागत नाही.

तिसरी खुर्ची रिकामी राहणार. काकू, तुम्ही परवा मला विचारलं होतं, आता तिथं तिसरा कोण बसेल. मला अजूनही माहीत नाही. मला वाटतं, काही दिवस ती रिकामीच ठेवून बसता यायला हवं. नियम तर आपल्याला पाठ आहेत.

तर मी असं ठरवलं आहे. इथून मी भाऊंच्या खोलीत जाते. भाऊंच्या लेकीने, पल्लवीने, किल्ली दिली आहे. दार उघडं ठेवते. साहेब, तुम्ही यावं अशी माझी विनंती आहे. तुम्ही आधी बोला. राग मला जास्त आहे, म्हणून मी नंतर. मला तुम्हाला एकच गोष्ट विचारायची आहे आणि ती इथे, सगळ्यांसमोर, विचारणार नाही. तुम्ही जे सांगाल ते ऐकल्यावर त्या एका शब्दाचं काय करायचं ते मी ठरवीन. तो शब्द राहील किंवा जाईल. कुलपाबद्दलचं एक अक्षरही जाणार नाही. हे आधीच सांगते, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटू नये. आणि तुम्ही आला नाहीत, तर मी तिथे थोडा वेळ बसेन आणि घरी जाईन. मग सकाळी मला एकटीलाच ठरवावं लागेल. ते मला नको आहे.

इथल्या बाकीच्यांना विनंती, कृपा करून खिडकीशी उभं राहू नका.

भाऊंचं आणखी एक म्हणणं होतं, ते मी नियमांत सांगितलं नाही. ते म्हणायचे, "दुसऱ्याचं सांगाले खोली लागते. आपलं सांगाले कायची खोली?" म्हणजे साहेबांबद्दल इथे बोलायचा मला हक्क नाही. माझ्याबद्दल आहे.

मला हे मराठीत नीट सांगता येतं. पुस्तकातल्या मराठीत. मी सौसरला शाळेत होते तेव्हापासून मला ते येतं, आणि तसं बोललं की कोणी जवळ येत नाही, हेही मला माहीत आहे. पण भाऊंचा नियम तसा नाही. घरी म्हणून बघायचं राहिलं होतं. इथेच म्हणते.

मले भेव वाटला.

लाईन चालू झाली, पॅनल घुमला, अन् माहा हात बाहेर होता. मी हाताकडे पाहून राहिली होती. मले खूप भेव वाटला. मंग मले राग आला. अन् मंग काहीच वाटलं नाई. अजून वाटून नाई राहिलं. पण भेव पहिले होता. राग दुसरा आला.

एवढंच.

भाऊ, टेस्टर तपासला.

आता शेवटचं. अशा सभेत आपण उभं राहून दोन मिनिटं शांत राहतो. भाऊंना उभं राहणं चाललं नसतं. आपण बसूनच राहू. आणि दोन मिनिटंही नको. रामदासभाऊ, चहा ठेवा. भांडणाचा. शोकसभेत चहा देत नाहीत हे मला माहीत आहे, मी काकूंना आधी विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यायले आवडलं असतं. साखर कमी टाका म्हणा." इथे सगळ्यांना द्या. दोन कप भाऊंच्या खोलीत.

घाई करू नका. आधी पातेलं घासा.

चहा येईपर्यंत आपण कोणी बोलायचं नाही.

भाऊ, नमस्कार.